पेटीतला कोसा, काळा कोट आणि चार वास

गुढीपाडवा होऊन आठवडा झाला असेल. भर दुपारी आमच्या मोठ्या जाऊबाई ऑटोतून उतरल्या आणि मागून ऑटोवाल्याने पत्र्याची पेटी उतरवली. हिंगणघाट तालुक्यातलं आमचं गाव. मी इथे पिको-फॉल आणि अल्टरेशनचं काम करते, त्यामुळे कापडाचं कुठलंही दुखणं शेवटी माझ्याच सपरीत येऊन पडतं. जाऊबाईंनी पेटीचं झाकण उघडलं तशी ब्लाऊजला हुक लावत बसलेली शेजारची पोरगी ओढणी नाकाला लावून अंगणात पळाली.

"हे नेसून देवकाले बसली त आख्खी पंगत उठून जाईन," जाऊबाई म्हणाल्या. "पाह्य बाई, काही होते का. नाही त देऊन टाकतो भांडेवालीले."

पेटीत कामाच्या वस्तू दोनच होत्या. एक आजेसासूबाईंचं कोशाचं करवतकाठी नऊवारी, दुसरा आजेसासऱ्यांचा काळा लोकरी कोट. जाऊबाईंच्या लेकीचं लग्न मे महिन्यात, छत्तीस दिवसांवर आलेलं. देवकाला त्यांना आजेसासूबाईंचाच कोसा नेसायचा होता. मे महिन्यात आमच्याकडे लोकरी कोट कोण घालणार, हा प्रश्न मी विचारला. तो पुतण्याला हवा होता. त्याची नोकरी उत्तराखंडात, लग्नाला आला की थंडीसाठी घेऊन जाणार. आजेसासूबाई गेल्यानंतर सात वर्षं ही पेटी कोणी उघडलेली नव्हती, जाऊबाईंनी ती नुकतीच उघडली होती.

ज्यांनी करवतकाठी जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. अंग टसरचं, म्हणजे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या कोशाचं. काठ वेगळ्या रंगाचा, आणि काठ जिथे अंगाला भिडतो तिथे करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. ती छापलेली नसते, तीन धोटे चालवून काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवत विणतात. भंडारा-नागपूरकडच्या विणकरांचं हे काम. हे लुगडं आजेसासूबाईंना माहेरहून आलेलं. साठ वर्षांचं तरी असेलच.

धुवायचं का नाही

पहिला सल्ला सगळ्यांचा एकच: शॅम्पूच्या पाण्यात बुडव. मी कापसाचा बोळा ओला केला, काठाच्या आतल्या बाजूला मिनिटभर दाबून धरला. बोळा गुलाबी झाला. म्हणजे पाण्यात घातलं की काठाचा लाल रंग अंगावर पसरणार, आणि एकदा पसरला की ब्रह्मदेवही काढू शकत नाही. दुसरं, वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिल्याने घडीच्या रेषांवर कोसा चिरत आला होता. ओलं रेशीम कोरड्यापेक्षा कमजोर असतं, ते स्वतःच्याच वजनाने फाटलं असतं. कोटाची गोष्ट वेगळी. त्याच्या छातीत कॅनव्हास, खांद्यात कापसाचे पॅड, वर अस्तर. पाण्यात प्रत्येकाचं आटणं वेगवेगळं, वाळल्यावर कोटाचं बुजगावणं होतं.

ड्रायक्लीनिंगचं विचारून पाहिलं. शहरातल्या दुकानदाराने कोसा बोटाने चाचपला आणि म्हणाला, "ताई, गॅरंटी नाही." प्रामाणिक माणूस. कोट तो घ्यायला तयार होता, पण कोटाचंही पुढे जे निघालं त्यावर ड्रायक्लीनिंग अर्धंच औषध ठरलं असतं. ते पुढे येईलच.

आधी वास ओळखला

या सगळ्या प्रकरणात मला एकच गोष्ट सांगायची आहे. "वास घालवायचा" असं काही नसतं. कुठला वास ते आधी ठरवावं लागतं. एकाचं औषध दुसऱ्याला लागत नाही, उलट नडतं.

मी चार स्टीलचे डबे घेतले. एकात लुगड्याचा पदर, दुसऱ्यात कोटाचं घोळाचं टोक (कोट बाहेर, टोक तेवढं आत, वरून फडकं आवळलेलं), तिसऱ्यात पेटीच्या तळाचा जुना वर्तमानपत्राचा कागद, चौथ्यात ज्या धोतरात दोन्ही गुंडाळलं होतं त्याचा तुकडा. डबे अर्धा तास पायरीवर उन्हाच्या कडेला ठेवले. मग झाकण किलकिलं करून एकेक हुंगला. मधे मधे अंगणात जाऊन यायचं, नाहीतर नाक मरतं, आणि मेलेल्या नाकाला सगळं निर्मळच वाटतं. माझ्या नाकावर माझा विश्वास नव्हता, म्हणून शेजारच्या त्या पोरीलाही लावलं. तिला सांगितलं, चांगला-वाईट सांगू नको, कशासारखा ते सांग.

लुगडं: "डांबरगोळी. अन् देवघर." कोट: "डांबरगोळी. अन् उंदीर." कागद: "पावसाळ्यातली कोठी." धोतर: थोडं थोडं सगळंच.

देवघर कुठून आलं? जाऊबाई कबूल झाल्या. आणण्याआधी आठ दिवस त्यांनी लुगड्याला धूप दिला होता, वरून मोगऱ्याचं अत्तर शिंपडलं होतं. वास तीन होते, चौथा त्यांनीच आणला. आणि हे सगळेच करतात. घाणीवर सुगंध टाकला की घाण जात नाही, दोघं मिळून तिसरंच काही होतं. आमच्याकडे लग्नाच्या गर्दीत एखाद्याचं सेंट मारलेलं जुनं शेरवानी-जॅकेट जवळून गेलं की कळतं.

डांबरगोळीची खात्री करून घेतली. कोटाच्या आतल्या खिशात एक उरलेली गोळी सापडली, झिजून हरभऱ्याएवढी झालेली. बाजारात पांढऱ्या गोळ्या दोन जातींच्या येतात, नॅफ्थलीनच्या आणि पॅराडायक्लोरोबेंझीनच्या. दिसायला सारख्याच. गोळी साध्या पाण्यात टाकली, बुडाली. मग त्याच पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत मीठ घातलं. गोळी हळूच वर आली. मिठाच्या दाट पाण्यात नॅफ्थलीन तरंगतं, दुसरी जात तळालाच बसते. कापूर असता तर तो साध्या पाण्यावरच तरंगला असता. आमच्याकडचं नॅफ्थलीन होतं.

उंदराचं ठरवायला कृषी केंद्रवाल्याकडून नोटा तपासायचा जांभळा टॉर्च मागून आणला. रात्री दिवे बंद करून कोटावर मारला. मुताचे डाग त्या उजेडात फिकट पिवळसर चमकतात. घोळाच्या मागच्या बाजूला वीतभर पट्टा दिसला, बाकी कोट काळाच. धोतर मात्र सगळंच निळंपांढरं झगमगलं. मी दचकले, मग लक्षात आलं, कपड्याच्या साबणातल्या उजळवणाऱ्या रसायनालाही तसंच चमकायला येतं. म्हणजे या टॉर्चवर डोळे मिटून विश्वास नको. जिथे चमक आणि वास दोन्ही, तिथेच डाग.

कुठल्याला काय लागतं

घामाचा, आंबूस वास बहुतेक आम्लाचा असतो. खाण्याचा सोडा त्याला खातो. मुताचा जुना वास अमोनियाच्या कुळातला, तो उलट जातीचा, त्याला व्हिनेगर लागतं. सोड्याने तो हलतही नाही. नॅफ्थलीन यातलं काहीच नाही. ते आम्लही नाही, अल्कलीही नाही, दगडी कोळशाच्या डांबरातून निघणारं हायड्रोकार्बन. म्हणून तर डांबरगोळी. सोडा, लिंबू, व्हिनेगर, काही ओता, त्याचं काहीच बिघडत नाही. त्याला एकच येतं, उडून जाणं. घन असतानाच वाफ होतं, मध्ये पातळ होत नाही. मात्र जायला त्याला ऊब, वारा आणि वेळ लागतो. हवा २५ अंशांवरून ४० अंशांवर गेली की त्याची वाफ सोडण्याची ताकद जवळपास चौपट होते. हिमाचलातल्या माणसाला जे काम महिनाभर पुरेल ते विदर्भाच्या चैत्रात आठवडाभरात होऊ शकतं. आमच्या उन्हाचा एवढा उपयोग क्वचितच होतो.

फक्त ऊन थेट लागू द्यायचं नाही. उन्हातली अतिनील किरणं रेशमाला पिवळं आणि ठिसूळ करतात, रंग उडवतात. उन्हाची ऊब हवी, ऊन नको.

पुतण्याच्या मित्राने मोबाईलवर वाचून सांगितलं, नाटकवाले कपड्यांवर व्होडका शिंपडतात. शिंपडतात, ऐकलंय मीही. पण आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. वास घालवायला व्होडका आणताना पकडले गेलो तर पोलिसांना काय सांगणार, कोशासाठी आहे म्हणून? मोहाची मिळते, पण तिचाच वास काढायला दुसरं प्रकरण लिहावं लागेल. आणि गंमत बाजूला ठेवली तरी जो काठ पाण्याने रंग सोडतो तो स्पिरिटनेही सोडू शकतो. तो विषय तिथेच संपला.

बाज आणि कूलर

लुगडं दोरीवर टांगता येत नव्हतं. नऊ वार कोशाचं वजन घडीच्या चिरांवर आलं असतं. म्हणून सपरीत सुतळीची बाज टाकली, तिच्यावर जुनी, धुतलेली मच्छरदाणी ताणून बांधली आणि तिच्यावर लुगडं पसरलं, पदराकडून दोन पदरी, त्याहून जास्त नाही. वरून-खालून दोन्हीकडून हवा. वरून मलमलीचं फडकं, धूळ नको म्हणून. आणि बाजेच्या पायथ्याशी कूलर.

कूलर म्हणजे पाण्याचा नव्हे. टाकी कोरडी केली, पंपाची वायर काढली, तिन्ही बाजूंच्या वाळ्याच्या ताट्या उतरवून ठेवल्या. उरला तो नुसता मोठा पंखा. अंगणातली ४२-४३ अंशांची कोरडी हवा तो ओढायचा आणि बाजेखालून सोडायचा. मी लांबूनच, कापड हलेल पण फडफडणार नाही इतक्या अंतरावर ठेवला. सकाळी अकरा ते पाच, वीज असेल तेवढा वेळ. भारनियमनाच्या दिवशी नुसतं दार-खिडकी उघडं. दर दोन तासांनी लुगडं थोडं सरकवायचं, घडीची रेष वर आली पाहिजे, कारण वास तिथेच जास्त बसलेला असतो. तळहाताने उचलायचं, चिमटीने नाही.

पहिल्या दिवशी सपरीत बसवत नव्हतं. म्हणजे काम होत होतं. मी मशीन मागच्या खोलीत नेली आणि समोरच्या घरात महिन्याचं बाळ होतं तिकडे जाऊन सांगून आले, दुपारी खिडकी लावून घ्या. ही उगाच काळजी नव्हे. काही लोकांच्या रक्तात जी-६-पी-डी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनने फुटतात. तान्ह्या बाळांना हे फार लवकर भोवतं. डांबरगोळीतलं दुपटं किंवा शाल पेटीतून काढून तशीच बाळाभोवती गुंडाळू नये, ते याचसाठी.

सहाव्या दिवशी लुगड्याला नाक लावलं तर कोशाचा स्वतःचा वास आला, जरासा रानटी, जंगलातल्या ओल्या सालीसारखा. मी खूश. घडी घातली, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली. दुसऱ्या दिवशी पिशवी उघडली आणि डांबरगोळी हजर. वरचा वास गेला होता, धाग्याच्या पोटात होता तो प्लास्टिकमध्ये कोंडून बाहेर आला. ही माझीच चूक. त्यातून एक युक्ती मात्र मिळाली. पुढे दर तीन दिवसांनी मी मुद्दाम एक रात्र पदर स्टीलच्या डब्यात कोंडायची आणि सकाळी शेजारच्या पोरीला हुंगायला लावायची. उघड्या हवेत नाही येत म्हणजे गेला, असं नाही. कोंडून नाही आला तर गेला.

धुपाचा आणि अत्तराचा वास वाऱ्याने फार जाईना, तो तेलकट. त्यासाठी कोळसा. गावातल्या इस्त्रीवाल्याकडून लाकडी कोळसा आणला, तव्यावर तासभर तापवून त्यातली ओल घालवली, गार केला. दोन मातीच्या कुंड्यांत भरून वर दुहेरी मलमल बांधली, कोळशाची काजळी उडाली की कोसा काळा. मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात दोन बाजूंना कुंड्या, मधे लुगडं सैल घडीत. साधा कोळसा दुकानात मिळणाऱ्या ॲक्टिव्हेटेड कोळशाइतका चालत नाही, पण चालतो. चार रात्री खोक्यात, दिवसा बाजेवर. अकराव्या दिवशी डब्यातल्या परीक्षेत पोरगी म्हणाली, "काहीच नाही वो काकू. नुसतं कापडासारखं."

कोट जास्त हट्टी

कोटाला आधी उंदीर. मी कोरोनातला मास्क आणि हातमोजे घातले, अंगणात नेला. उंदराच्या लेंड्या कोरड्या झटकायच्या नाहीत, ती धूळ छातीत जाते. ओल्या फडक्याने टिपून फडकं जाळलं. मग पांढरं व्हिनेगर एक भाग, पाणी चार भाग. फडकं बुडवून घट्ट पिळून, त्या वीतभर पट्ट्यावर टिपत गेले. घासायचं नाही, लोकर फेल्टासारखी गुठळते. मधे अस्तराच्या आत कोरडं जाड फडकं, आतली ओल ते ओढून घेतं. तीनदा असं केलं, मधे पूर्ण वाळू दिलं. ड्रायक्लीनरला दिला असता तर त्याच्या तेलकट द्रावणात नॅफ्थलीन सहज विरघळून गेलं असतं, पण मूत पाण्यात विरघळणारं, ते तिथेच राहिलं असतं आणि इस्त्रीच्या उष्णतेने आणखी चढलं असतं.

इथे एक सांगते. बऱ्याच जणी लोकरीवर सोड्याचं पाणी मारतात. लोकर आणि रेशीम दोन्ही प्राणिज प्रथिनं, अल्कलीने खराब होतात. व्हिनेगर सौम्य असलं तर चालतं. कॉलरला तेल-घामाचा वास होता तिथे मी सोडा वापरला खरा, पण कोरडा, मलमलीच्या पुरचुंडीत बांधून, रात्रभर ठेवून.

मग नॅफ्थलीन. खिसे उलटे करून, अस्तर बाहेर करून, जाड हँगरवर कूलरसमोर. लोकरीला ऊन थोडं चालतं, काळा रंग विटू नये म्हणून अस्तराची बाजूच उन्हाला, तीही सकाळी नऊपर्यंत. खांद्यांतल्या कापसाच्या पॅडनी सगळ्यांत जास्त त्रास दिला. पॅड म्हणजे उशीच, वाफ आतून हळूहळू सुटते. शेवटी खांद्याच्या अस्तराची शिवण दोन बोटं उसवली आणि पॅडमध्ये हवा जाऊ दिली. हे मी आधीच करायला हवं होतं.

पंधराव्या दिवशी अवकाळी पाऊस आला. विजा, गारा, गहू काढणाऱ्यांची धावपळ. हवा दमट झाली आणि कोट पुन्हा बोलायला लागला, आतून डांबरगोळी आणि पुसट उंदीर. दमट हवेत धाग्याला चिकटलेले वास सुटतात आणि नाकालाही जास्त लागतात. जाऊबाईंना वाटलं सगळं वाया गेलं. मला उलट बरं वाटलं, कुठे शिल्लक आहे ते आयतं कळलं. आणखी पाच दिवस खांदे. विसाव्या दिवशी शिवण परत घातली.

इस्त्री शेवटपर्यंत केली नाही. वास असलेल्या कापडावर इस्त्री फिरवली की खोलीभर वाफ होते आणि आपल्याला वाटतं गेला. जरा निवलं की परत.

पेटी

पेटी तशीच ठेवली असती तर सगळं पाण्यात. कुबट वास तिचाच होता, तळाचा कागद ओल धरून बुरशीने ठिपकेदार झालेला. कागद जाळला, पेटी साबणाच्या पाण्याने आतून घासली, गंज पॉलिशपेपरने काढला, झाकण उघडं टाकून सहा दिवस कडक उन्हात. आत रंग मारू का विचारलं जाऊबाईंनी. नको म्हटलं, रंगाचा वास पाचवा होईल.

आता तळाला धुतलेलं पांढरं मांजरपाट. कोसा मलमलीत, घडीच्या प्रत्येक मोडीत मऊ कापडाची गुंडाळी, म्हणजे रेष पडत नाही. कडुनिंबाची सावलीत वाळवलेली पानं आणि वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत, कोपऱ्यात. डांबरगोळी घालायचीच तर दोन-तीन, पुरचुंडीत, कपड्यांच्या वर. तिची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली उतरते. कापडाला लागून नाही, आणि कापरासोबत तर मुळीच नाही. दोन्ही एकत्र आले की पाणी सुटल्यासारखे पातळ होतात आणि त्याचे डाग पडतात. पेटी भिंतीपासून हातभर लांब, दोन विटांवर.

देवकाच्या दिवशी जाऊबाई कोसा नेसून बसल्या. त्यांच्या सासूबाईंनी, म्हणजे माझ्याही, पदर नाकाला लावला, दोनदा लावला, आणि म्हणाल्या, "आता माय जवळ बसल्यावानी वाटते." मला ते ऐकून बरं वाटलं, आणि थोडं वाईटही. आजेसासूबाईंना डांबरगोळीचाच वास आवडायचा, घरात सगळ्यांना माहीत होतं.

पेटी परत उघडली ती दसऱ्याला, पाऊस पुरता गेल्यावर. लुगडं ठीक. पुतण्या कोट घेऊन गेला होता, त्याचा फोन आला, तिकडे पावसाळी हवेत डाव्या खांद्यातून अजून किंचित येतो. मी त्याला सांगितलं, थंडी कोरडी पडली की शिवण पुन्हा दोन बोटं उसव आणि आठ दिवस गॅलरीत टांग.